मथुरेची खरपुडी

भांडी एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका मोठ्या घरात आधी पुरुष जेवत, मग मुले, मग सासू. सून मथुरा सगळ्यांच्या शेवटी बसे, तोवर पिठल्याची कढई रिकामी झालेली असे.

लोखंडी कढईला ते पाहवेना. ती पिठल्याचा एक थर तळाशी घट्ट धरून ठेवू लागली.

"सोड की गं, काळतोंडे! पंगतीला कमी पडतंय," उलथणे ओरडले.

"पडू दे. हा मथुरेचा घास आहे."

"भंगारात जाशील!"

"जाईन. तोवर धरीन."

मथुरा तो खरपूस थर खरवडून खाई. एकदा सासरे पाणी प्यायला आत आले. "कसला खमंग वास गं?" त्यांनी तुकडा मागून चाखला. दुसऱ्या दिवसापासून खरपुडी आधी पंगतीत जाऊ लागली आणि मथुरेची ताटली पुन्हा कोरडी राहिली.

उलथणे हसले. "आता काय करशील?"

"आता दोन थर धरीन," कढई म्हणाली. "वरचा ने. खालच्याला हात लावलास, तर टोक वाकवीन."

जुन्या घरांतल्या उलथण्यांची टोके वाकडी का असतात, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.