चिंचांच्या राईचा गूळ

एका गावाला चिंचांची अख्खी राई होती, आणि गंमत म्हणजे ती कुणा एकाची नव्हतीच, सगळ्या गावाची होती. उन्हाळा लागला की गडी झाडं झोडपायचे, बायका सावलीत बसून चिंच फोडायच्या आणि घरटी वाटा मिळायचा. वर्षाची आमटी त्यावर निघायची.

त्याच गावात वेणू राहायची. शहरात कॉलेज करून आलेली. टीव्हीच्या खोक्यावर इंग्रजी दिसलं की लोक निघाले वेणूकडे. आता तिलाही ते आवडायचं, का नाही आवडणार? एखादा शब्द अडला तर ती बिनधास्त ठोकूनही द्यायची.

एकदा रमणशेठ नावाचा व्यापारी आला. म्हणाला, राई मला नुसती सांभाळायला द्या. कुंपण घालतो, चिंच तुमचीच, वर देवळापुढे सभामंडप बांधून देतो. गाव हरखलं. पोरींची लग्नं आता मांडवाशिवाय लागणार, अजून काय पाहिजे?

गावाची रीत अशी, की व्यवहार ठरला की प्रत्येक घरातल्या एकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. सगळ्यांनी खाल्ला की शब्द पक्का. एक जरी घर थांबलं तरी व्यवहार मोडला. वडील गेल्यापासून घराचा गूळ वेणूच घ्यायची.

ताट फिरलं. खडे तोंडाशी जाणार, एवढ्यात शेठ सहज आठवल्यासारखं म्हणाला, "आणि हा करार इर्रेव्होकेबल राहील बरं का, मंडळी."

झालं. सगळ्या माना डोलल्या. अर्थ एकालाही माहीत नव्हता, पण विचारलं तर अडाणी ठरू ना! पाटील तर "ते हवंच" म्हणून मोकळे. म्हणजे कपाळावर हात मारावा की काय. बाजारात कोथिंबिरीच्या एका जुडीवरून तासभर हुज्जत घालणारी माणसं, आणि अख्खी राई देताना एका शब्दाची चौकशी नाही.

एकट्या गुणाकाकूने शेजारी बसलेल्या वेणूला कोपराने ढोसलं. "काय गं, काय म्हणतोय तो?"

वेणूने आठवून पाहिलं. शब्द कुठेतरी ऐकलेला, अर्थ काही केल्या आठवेना. शेठने ते हेरलं. हसून म्हणाला, "सांगा की ताई, तुम्ही शिकलेल्या. एकदम भक्कम, असंच ना?"

पळवाट झकास होती. नुसती मान हलवायची होती.

"मला नाही माहीत," वेणू म्हणाली.

आणि लोक चिडले कुणावर? शेठवर नाही, तिच्यावर. एवढं शिकून उजेड काय पाडला, पाहुण्यापुढे गावाची अब्रू घालवलीस, आता मुकाट्याने गूळ खा. कुणी हसलं, कुणी बाप काढला. वेणूचे कान तापले. पण खडा तिने तोंडात टाकला नाही.

"शेठ, शब्द राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "समजा दोन वर्षांनी आम्हाला राई परत हवी झाली, तर?"

"परत?" शेठ वैतागला. "परत मागायला ती काय उसनी साखर आहे? एकदा दिली की दिली. मघापासून दुसरं काय सांगतोय मी?"

गुणाकाकूने आपला खडा ताटात परत टाकला. तिच्यामागून दुसरा पडला, तिसरा पडला, आणि ताट भरत गेलं. असलं मागासलेलं गाव पाहिलं नाही, असं बडबडत शेठ गाडीत बसला.

धुरळा खाली बसायच्या आत पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मला आधीच संशय आला होता."

वेणूने त्यांच्याकडे रोखून बघितलं. "मग मान कशाला डोलावलीत, पाटीलकाका?"

तात्पर्य: जो शब्द कळला नाही, त्याला मान डोलावू नये. 'मला माहीत नाही' म्हणण्याची लाज घटकाभराची असते. खोट्या होकाराची भरपाई पिढ्यानपिढ्या करावी लागते.