धुतलेलेच पाय

एका तालुक्याच्या गावात मिशनची एक जुनी शाळा होती आणि त्या शाळेची एक सुंदर रीत होती. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, शाळेचे मुख्याध्यापक चर्चमध्ये सगळ्यांसमोर गुडघे टेकत आणि बारा मुलांचे पाय धूत. प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या. प्रत्येक तुकडी आपल्यातलं एक मूल निवडून पाठवत असे. निवड मार्कांवर नसे, घराण्यावर नसे. वर्षभर जे मूल दुसऱ्यांच्या उपयोगी पडलं, त्याचे पाय धुवायचे. इतकी सरळ गोष्ट. पण सरळ गोष्ट वाकडी करायला शहाण्या माणसांना कितीसा वेळ लागतो?

आठवी ब ची मॉनिटर होती राहेल मकासरे. तोंडाने फटकळ, मनाने स्वच्छ. या वर्षी आपलं नाव यावं असं तिला फार वाटत होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण वर्गासमोर उभं राहून तिने विचारलं, "बोला, कुणाचं नाव?" तेव्हा सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "शेवंता!" राहेलने स्वतःचाही हात वर केला. न करून सांगते कुणाला?

शेवंता भांबळ शाळेच्या बोर्डिंगमध्ये राहायची. आईवडील ऊसतोडीला गेलेले. हिवाळ्यात बोर्डिंगच्या लहान मुलांना गोवर आला आणि धुणं धुणाऱ्या बाई घाबरून यायच्या बंद झाल्या. तेव्हा त्या पोरांच्या चादरी, त्यांचे कपडे, सगळं शेवंताने धुतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोर्डिंगमध्ये मोठी माणसं नव्हती का? होती की! ती औषधं आणत होती, प्रार्थना करत होती. धुण्याचा ढीग तेवढा कुणाच्या नजरेला पडला नाही. शेवंता भल्या सकाळी गार पाण्यात, सोड्याच्या फेसात उभी राहायची आणि घंटा झाली की ओल्या पायांनी वर्गात येऊन बसायची. पोरं बरी झाली. शेवंताच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, टाचांना खोल भेगा पडल्या. त्या मात्र बऱ्या झाल्या नाहीत.

मुख्याध्यापक रणभिसे सर त्याच वर्षी नवे आले होते. माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता. त्यांनी शाळेला रंग दिला, बागेच्या कडेच्या विटांना चुना लावला. पण गोष्ट असते कशी यापेक्षा ती दिसते कशी, यात त्यांचा सगळा जीव. या गुरुवारी संस्थेचे मोठे पाहुणे येणार होते आणि फोटोग्राफर येणार होता. सरांनी पितळेचं घंगाळ चिंचेने घासून लख्ख करून घेतलं. शुभ्र नवे टॉवेल आणवले. आणि बुधवारी निवडलेल्या बाराही मुलांना हॉलमध्ये बोलावलं. आपापल्या वर्गाच्या मुलाला घेऊन मॉनिटरही आले.

"चपला-बूट काढा. रांगेत उभे राहा," सर म्हणाले.

हातात लाकडी पट्टी घेऊन ते रांगेपुढून फिरू लागले. पायांची तपासणी! उद्या जे पाय धुवायचे, ते आज स्वच्छ आहेत ना, याची तपासणी! डॉक्टरने रोग्याला सांगावं, आधी बरा होऊन ये, मग तुला तपासतो, तशातली ही गत. नखं कापून या. टाचा घासून या. तेल लावू नका, फोटोत चकाकतं. मुलं बिचारी माना हलवत होती.

पट्टी शेवंताच्या पायांपाशी येऊन थांबली.

"हे काय आहे?"

"चिखल्या हायेत सर. आन् भेगा."

"पाहुण्यांसमोर हे पाय घेऊन बसणार तू? आणि घंगाळ एकच असतं, पाणी खराब होईल." सरांनी पट्टी मागे घेतली. "तुझं नंतर कधी तरी बघू. आठवी ब ची मॉनिटर कोण? तू ना? पाय दाखव."

राहेलने बूट काढले, मोजे काढले. पाय गोरेगोमटे, नखं कापलेली.

"छान. उद्या तू बसायचंस."

एरवी कुणाची भीड न ठेवणारी राहेल तेव्हा काय बोलली? काही नाही. सरांची भीती वाटली, हे खरं. पण त्याहून खरं हे, की तिला आतून आनंद झाला. शेवंताने आपल्या चपला हातात घेतल्या, "जाऊ का सर?" म्हणून विचारलं आणि ती निघून गेली.

घरी आईला आकाश ठेंगणं झालं. "माझ्या पोरीचे पाय हेडसर धुणार!" असं म्हणत तिने राहेलला मोरीत बसवलं, वजरीने टाचा घासल्या, लिंबू चोळलं, आणि पुन्हा एकदा साबण लावून पाय धुतले. पांढरा फ्रॉक इस्त्री करून ठेवला. शेजारच्या मावशींना हाक मारून बोलावलं आणि लेकीचे पाय दाखवले. मावशी कौतुक करत होत्या, राहेल हसत होती. खरी निवड कुणाची झाली होती, हे तिने आईला सांगितलं नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये गाण्यांचा सराव होता. सराव संपल्यावर राहेल पाणी प्यायला बोर्डिंगमागच्या नळावर गेली. तिथे धुण्याच्या दगडावर शेवंता बसली होती. एक पाय मांडीवर घेऊन ती विटेच्या तुकड्याने टाच घासत होती. टाचेतून रक्त येत होतं आणि दगडावरून पाण्याबरोबर वाहत होतं.

"अगं, काय करतेस हे?"

शेवंताने मान वर केली. ती रडत नव्हती. "राहेल, इटकरीनं घासलं तर सकाळपातुर गुळगुळीत व्हतील का गं? सर म्हनले, नंतर कधी तरी बघू. म्या म्हनलं, चांगले दिसले तर उद्याच बघतील."

राहेलच्या अंगाची लाही लाही झाली. तिला सरांचा राग आला, त्या पट्टीचा आला, अजून न आलेल्या पाहुण्यांचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या लिंबू चोळलेल्या पायांचा आला. तिने शेवंताच्या हातातून विटेचा तुकडा हिसकावला आणि लांब कुंपणापलीकडे भिरकावला. वेणीची रिबन सोडून तिच्या टाचेला बांधली.

"उद्या चर्चमध्ये येशील ना?" तिने विचारलं.

"यीन की. मागं बसंन."

गुरुवारी चर्च भरून गेलं. पहिल्या रांगेत पाहुणे, मग मुलं, शेवटच्या बाकांवर पालक आणि ज्यांना पुढे जागा नाही ती मुलं. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. रणभिसे सरांनी कोट काढला, कमरेला टॉवेल बांधला आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. कॅमेऱ्याचा लखलखाट झाला की सर जरा जास्त वाकायचे. एकेक करत ते पुढे सरकत होते. राहेलची खुर्ची येईपर्यंत निम्म्याहून जास्त मुलांचे पाय धुऊन झाले होते, आणि घंगाळातलं पाणी आत्ता नळावरून भरून आणल्यासारखं नितळ होतं. एवढे पाय धुतले आणि पाण्याला पत्ता नाही!

सरांनी हात पुढे केला. राहेलने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पाय पुढे घे," सर हळूच म्हणाले.

"नाही सर. हे धुतलेलेच आहेत." राहेल हळू बोलली नाही. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "काल आईने दोनदा धुतले. तुम्हीच धुऊन यायला सांगितलं होतं."

पुढच्या रांगेत कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आमच्या वर्गाने मला निवडलंच नाही सर. शेवंता भांबळला निवडलं. गोवर आला तेव्हा बोर्डिंगच्या पोरांचं धुणं धुऊन तिचे पाय फुटलेत. धुवायचे पाय ते आहेत. ती तिकडे मागे बसलीय."

"गप्प बस," सर दातओठ खाऊन पुटपुटले. "शाळेतून काढून टाकीन."

काय म्हणावं याला! गुडघे टेकलेले, कमरेला टॉवेल, हात पाण्यात, आणि तोंडात धमकी!

राहेल उठली. बूट तिथेच राहू दिले आणि अनवाणीच बाकांच्या मधल्या वाटेने मागे चालत गेली. शेवंताच्या शेजारी राहेलची आई बसली होती. आईने सगळं ऐकलं होतं. लेकीकडे तिने एकदा पाहिलं आणि सरकून तिला जागा दिली.

आता सगळं चर्च मागे वळून बघत होतं. सरांनी चेहरा सारखा केला, ते उभे राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "शेवंता, ये बाळ. ये पुढे." काल पट्टी होती, आज बाळ झालं!

शेवंता बाकाला धरून उभी राहिली. "नगं सर. तुमचं पानी खराब व्हईल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे तिला सांगण्यात आलं होतं तेच ती परत सांगत होती. मग खाली बघून म्हणाली, "आन् मला चालवत बी न्हाई. काल लई घासले पाय."

चालवत नव्हतं. म्हणजे आता सरांनी जायला हवं होतं. फार काही करायचं नव्हतं. घंगाळ उचलायचं आणि त्या मधल्या वाटेने शेवटच्या बाकापर्यंत जायचं. लोक वाट देणार होते. ज्याच्या आठवणीसाठी हे सगळं मांडलं होतं, तो असता तर केव्हाच उठून गेला असता. सरांनी त्या वाटेकडे पाहिलं. पुढे बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. फोटोग्राफर पुढेच उभा होता, त्याच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे बघून ते म्हणाले, "उशीर होतोय," आणि पुढच्या खुर्चीसमोर जाऊन बसले.

त्या दुपारी राहेलच्या आईने बोर्डिंगच्या चुलीवर पाणी कोमट केलं, त्यात मीठ टाकलं आणि शेवंताचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन धुतले. पाणी गढूळ झालं, लालसर झालं, ते तिने ओतलं आणि दुसरं घेतलं. मग भेगांत मेण आणि तेल भरलं. शेवंता लाजून सारखी पाय ओढून घेत होती. आई तिला दटावत होती, "अगं, गप बस गं बाई, दुखेल ना." असं पुढे बरेच दिवस चाललं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊसतोडीहून आईवडील न्यायला आले तेव्हा शेवंता धावत फाटकापर्यंत गेली.

राहेलला शाळेतून काढलं नाही, पाहुण्यांनी सगळं ऐकलं होतं ना! मॉनिटरपद तेवढं गेलं. आठवी ब ने पुन्हा हात वर केले आणि पुन्हा तिलाच निवडलं. सर काय करणार?

त्या गुरुवारचा फोटो सरांनी फ्रेम करून ऑफिसात लावला. फोटोत सर गुडघे टेकून बसलेत, मुलं हसतायत आणि मध्येच एक खुर्ची रिकामी आहे. येणारे-जाणारे विचारतात, "ही खुर्ची रिकामी कशी?" सर सांगतात, "एक मुलगी ऐन वेळी आली नाही." दाराबाहेरून जाणारी आठवी ब ची मुलं ते ऐकतात. त्या दिवशी कोण आलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तात्पर्य: स्वच्छ पाय निवडून धुणारा स्वतःचीच शोभा वाढवत असतो. सेवा करायची असेल, तर जिथे दुखतंय तिथवर आपल्याला उठून जावं लागतं.