कणगीतलं बियाणं आणि खाणीतलं पाणी

फार जुन्या काळची गोष्ट. कोणत्या राजाच्या राज्यात घडली ते विचारू नका. त्या राज्याचं आता नावही उरलेलं नाही. तिथं डोंगराच्या पायथ्याशी बाजरी पिकवणारं एक गाव होतं.

एकदा विहीर खणताना गावाला सोनं लागलं. गाव आनंदानं वेडं झालं. जरा खोल गेल्यावर पाणीही लागलं, म्हणून गावप्रमुखानं बैलांची मोट बसवली. पाणी उपसलं, सोनं निघालं. आणखी खोल गेले तसं पाणी वाढलं आणि सोनं कमी झालं. मग आणखी मोटा आल्या, आणखी बैल आले. उपसा जरा थांबला की खाण भरलीच म्हणून समजा! शेतात जायला माणूस उरला नाही. दाणा आणि कडबा घाटापलीकडून सोनं देऊन यायला लागला.

एका म्हाताऱ्या बैलानं एकदा गव्हाणीवर विचारलं, "आम्ही खातो ते पाणी उपसायला. पाणी उपसायचं ते सोनं काढायला. आणि सोनं काढायचं ते आम्हाला खायला घालायला. मग तुम्हाला मिळालं काय?"

"याला अक्कल असती तर मोट ओढत बसला असता का?" असं म्हणून सगळे हसले. बैलामागून आपणही तेवढ्याच फेऱ्या मारतो, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या गावाची एक रीत होती. साऱ्या गावाचं बियाणं एकाच कणगीत ठेवायचं, कणगी शेणानं लिंपायची आणि पेरणीलाच उघडायची. ती कणगी येसाई नावाच्या म्हातारीकडे होती. गाव शेत विसरलं, तरी ती दरसाल एक तुकडा पेरून बियाणं ताजं ठेवायची.

पुढं गावप्रमुखाचा मुलगा सखोजी प्रमुख झाला. एका उन्हाळ्यात दाण्यापुरतंही सोनं निघेना. सखोजी येसाईच्या दारात आला.

"आई, कणगी फोडा. बैल उभे राहीनात."

"अरे, ते बियाणं आहे!"

"सोन्याची मोठी शीर जवळ आलीय. चार दिवस बैल जगवले की सुटलो."

"तुझा बापही हेच म्हणायचा. बुडू दे ती खाण. पेरणीला अजून अवकाश आहे, पुन्हा शेत करू."

सखोजी म्हणाला, "बुडू दे कसं म्हणता? बापाचा जन्म गेला तिच्यात. भाऊ तिथंच गाडला गेला. रानं गेली, दागिने गेले. आता सोडली तर ते सगळं फुकट गेलं म्हणायचं?"

 येसाईचाही मुलगा त्याच खाणीत गेला होता. तिनं आपल्याच हातानं लिंपण फोडलं.

बाजरी भिजवायलाही कुणी थांबलं नाही. तशीच बैलांपुढं ओतली. बैल उठले, पाणी हटलं आणि खरंच शीर लागली. मूठभर सोनं घेऊन सखोजी घाट ओलांडून गेला.

पलीकडचा व्यापारी म्हणाला, "पूर्वी एवढ्यात गाडीभर दाणे दिले असते. पण आता गावोगाव खाणी निघाल्यात. सोनं सगळेच आणतात, दाणा कुणीच पिकवत नाही. अर्धं पोतं भरडलेले दाणे आहेत, ते ने."

सखोजी परतला तेव्हा बैल मोटेवरच बसले होते आणि पाणी खाणीच्या तोंडाशी आलं होतं. त्या अर्ध्या पोत्यात गावाची भूकही भागली नाही.

पेरणीचे दिवस आले. कणगी रिकामी होती. येसाई गोठ्यात बसून शेण चिवडत राहिली. न पचलेले थोडे दाणे सापडले, ते तिनं धुतले आणि बांधाच्या कडेनं पेरले. एक ओळ उगवली. येसाई तिच्याजवळ बसून रडली. गाव ती ओळ बघायला रोज जायचं.

एका सकाळी तो म्हातारा बैल दावं तोडून आला आणि ती ओळ खाऊन गेला. त्याला मारायला कुणाचाही हात उठला नाही. त्याची भूक सगळ्यांना ठाऊक होती.

गाव उठलं. जाताना सखोजी खाणीशी थांबला. खाली सोनं होतं, वर पाणी होतं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढंच लक्षात ठेवा: गेलेलं फुकट जाऊ नये म्हणून जो उरलेलंही घालतो, त्याच्यापाशी पुन्हा पेरायलाही काही राहत नाही.