कुंकवाने बुजलेली धार

खाडी जिथे समुद्राला मिळते, त्या वळणावरच्या एका कोळीवाड्यात येसूबाई नावाची एक नाखवीण राहायची. होडीचा मालक तो नाखवा आणि त्याची बायको ती नाखवीण. नाखवा तापाने जाऊन बरीच वर्षं झाली होती, होडी दारात उपडी पडली होती, पण वाडा तिला अजून नाखवीणच म्हणायचा.

नाखवा होता तेव्हा त्याच्या होडीच्या मागे एक मशीन लावलेलं असायचं. त्याचा आवाज असा, की झोपेतसुद्धा ओळखावा. भडभड चालायचं, मध्येच अडखळायचं, की पुन्हा भडभड. "तुमच्या मशीनला उचकी लागते बाई," म्हणून येसूबाई नवऱ्याला चिडवायची. तो म्हणायचा, "तू घरी बसून आठवण काढतेस, मग लागणारच!" संध्याकाळी ती उचकी वळणावर ऐकू आली की येसूबाई तवा चुलीवर चढवायची. नाखवा पाय धुऊन आत येईस्तोवर तांदळाची पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची.

तो गेला आणि तिने मशीन पडवीत एका लाकडी घोडीवर टांगलं. वर त्याचीच टोपी घातली. कुणी हात लावायला गेलं की अंगावर धावून जायची. दर खंडेनवमीला लोक कोयते पुजतात, जाळी पुजतात, ही मशीन पुजायची. त्या मशीनच्या बाजूला एक बारीक भोक होतं. मशीन चालू असलं की त्यातून पाण्याची धार पडायची. नाखवा सांगायचा, "ही धार दिसते तोवर मशीनचा जीव थंड आहे. धार नाही, तर मशीन बंद. लगेच बंद करायचं, मग मागून वादळ का येईना!" येसूबाईला तेच मशीनचं कपाळ वाटायचं. वर्षानुवर्षं तिने तिथेच हळदकुंकू लावलं आणि वर खोबरेल तेलाचं बोट ओढलं.

तिचा धाकटा दीर पोसू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. तो म्हणायचा, "वैनी, मशीन द्या. आपली होडी पाण्यात घालू." येसूबाई म्हणायची, "नाही म्हटलं ना भाऊजी! ह्यांची वस्तू आहे ती." आता घ्या! घरचा हातचा माणूस परक्याच्या होडीवर राबतोय आणि मशीन पडवीत टोपी घालून बसलंय. पण सांगणार कोण तिला?

एका संध्याकाळी वळणावरून भडभड ऐकू आली. मध्ये अडखळलीसुद्धा. येसूबाईने तव्यावर भाकरी टाकली आणि पदर सावरत धक्क्यावर धावली. कुठल्या तरी परगावची होडी होती. तिच्या डोळ्यांदेखत ती पुढे निघून गेली. घरी आली तर भाकरीचा कोळसा झालेला. ती चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. सकाळी पोसूला म्हणाली, "भाऊजी, काढा ते मशीन. मला एकदा तो आवाज ऐकायचाय. एकदाच, पण ऐकायचाय."

पोसू म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याने तिथल्या तिथे मशीन सुरू करायच्या दोरीला हात घातला. येसूबाईने त्याचं मनगट धरलं. "खबरदार! ह्यांनी पाण्याबाहेर, कोरड्यावर दोरी कधी ओढली नाही. जळून अडकलं तर परत ऐकायला मिळायचं नाही. चांगोदादांना बोलवा."

चांगो नाखव्याचा जुना भागीदार. हातात जादू आणि जिभेवर मिरची. तो आला, मशीन त्याने अंगणात उघड्यावर आणवलं आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं. तोवर येसूबाई शुभकार्य म्हणून पेटतं निरांजन घेऊन आली.

"विझव आधी ते!" चांगो ओरडला. "पेट्रोल आहे बाई हे, पंचामृत नव्हे! आपल्याला सगळ्यांना एकदम नाखव्याच्या भेटीला न्यायचंय का?"

टाकीतलं जुनं पेट्रोल काकवीसारखं घट्ट झालं होतं. ते त्याने काढून टाकलं. कार्बोरेटर उघडून धुतला. तडकलेली नळी बदलली. पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक पापडासारखं कडक झालं होतं, तेही नवं घातलं. खालच्या गिअरचं तेल बदललं. मग प्लग काढून आत तेलाचे थेंब सोडले आणि मशीन हाताने हळूच फिरवून पाहिलं. एकेक दिवस जायला लागला तसा पोसू कुरकुरायला लागला, "अजून किती?"

"झोपलेल्या माणसाला लाथ मारून उठवतात का रे?" चांगो म्हणाला. "जरा चुचकारून उठवू."

शेवटी पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात मशीनचा खालचा भाग बुडवला आणि ते घट्ट बसवलं. नवं पेट्रोल, मापाने तेल. गिअर मोकळा ठेवला. पोसूने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खोकल्यासारखं काही झालं. पुन्हा ओढली आणि भडभड सुरू झाली! क्षणभर चालली, अडखळली, पुन्हा चालू लागली.

येसूबाईने तोंडावर पदर धरला. तोच आवाज. तीच उचकी. इतक्या वर्षांचं सगळं अंगणात परत आलं होतं. शेजारणी धावत आल्या. चांगोसारखा खडूस माणूस, तोही डोळे पुसत होता. आणि रडता रडता येसूबाईची नजर त्या भोकाकडे गेली. ते कोरडं होतं.

"दादा, धार कुठाय?"

"येईल गं," चांगो म्हणाला. "जरा ऐकू दे."

"राहू दे वैनी," पोसू म्हणाला. "बंद केलं आणि पुन्हा लागलंच नाही तर?"

हीच भीती तिलाही होती. आणखी थोडं ऐकावं, असं तिचा सगळा जीव म्हणत होता. पण नाखव्याचे शब्द तिच्या कानात घुमले. धार नाही, तर मशीन बंद. येसूबाई पुढे झाली आणि तिने बटण दाबलं. अंगण चिडीचूप झालं. तिला वाटलं, आपण त्याला दुसऱ्यांदा पोचवलं.

चांगोने वाकून भोकात बारीक तार घातली. आतून तांबडा, तेलकट, दगडासारखा घट्ट गोळा थोडा थोडा सुटायला लागला.

"हे काय भरलंय?"

"कुंकू," येसूबाई पुटपुटली. "मीच लावत होते."

चांगो काहीतरी तिखट बोलणार होता, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "वेडी गं वेडी," तो म्हणाला. "मायेने गळाच बुजवलास त्याचा."

तिने त्याच्या हातातून तार घेतली आणि भोक स्वतः साफ केलं. मग म्हणाली, "ओढा, भाऊजी." मशीन पहिल्याच ओढीला लागलं. आधी कुंकवाची लाल धार आली. मग फिकी. मग स्वच्छ पाणी पडायला लागलं आणि पडत राहिलं. येसूबाईने त्या धारेखाली हात धरला. मशीनवरून काढून ठेवलेली टोपी तिने पोसूच्या डोक्यावर घातली आणि म्हणाली, "उद्या होडी सुलटी करा."

होडीची डागडुजी झाली आणि पोसू ती घेऊन पहिल्यांदा मासेमारीला गेला, त्या संध्याकाळी वळणावर भडभड ऐकू आली. मध्येच उचकी लागली. कोण येतंय ते येसूबाईला ठाऊक होतं आणि कोण येणार नाही तेही. "मीच काढली हो आठवण," ती हळूच म्हणाली. डोळे भरून आले, पण तवा चुलीवर चढला होता. पोसू पाय धुऊन आत आला तेव्हा पहिली भाकरी टम्म फुगलेली होती.

तात्पर्य एवढंच: गेलेल्या माणसाची वस्तू नुसती पुजली तर बुजते, पुसून, उघडून, कामाला लावली तर त्याची आठवण वाहती राहते.