फ्यूज कुणाजवळ

“…अन् खांबावर चढला तर, महाराज? मग मी काय करायचं?”

पद्मिनबाई ढगे एवढं विचारून थांबल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

केवलनाथ महाराजांनी धुनीतलं लाकूड थोडं आत सरकवलं.

बालाघाटच्या डोंगरातला हा नाथांचा लहानसा मठ. मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, अधूनमधून तिथे जाऊन बसतो. त्या दिवशी जे घडलं ते पाहिलं तसं लिहितो आहे. त्याचा अर्थ मला लागला आहे, असं मात्र म्हणवत नाही.

बाईंचा मुलगा सुदर्शन मागे भिंतीला टेकून बसला होता. इंजिनिअर. पुण्यात एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम. ती नोकरी सोडून त्याला वायरमन व्हायचं होतं.

त्याचे वडील मुरलीधर एका ठेकेदाराकडे लाइनमन होते. सुदर्शन शाळेत असताना ते विजेच्या खांबावरच गेले.

“सकाळी पुण्याची गाडी आहे,” बाई म्हणाल्या. “तिच्यात बसायला सांगा त्याला. माझं ऐकत नाही. तुमचा आदेश मोडायचा नाही तो.”

“आदेश,” महाराज म्हणाले.

बाई वाट बघत राहिल्या. “हां… कोणता?”

“कोणताच नाही, माय. आम्हा नाथांचा रामराम असाच असतो. मी आदेश म्हणायचं, समोरच्यानं आदेश म्हणायचं.”

“मग ऐकायचं कुणी?”

महाराज हसले. “ते आम्हाला अजून ठरवता आलं नाही.”

बाई हसल्या नाहीत.

“आमच्यात ठरलेलं असतं, महाराज. हे वर होते अन् खालून कुणीतरी लाइन चालू केली. कुणी केली ते आजवर कळलं नाही. वरून आदेश होता… एवढंच म्हणले समदे.”

धुनीत लाकूड तडकलं. मी उगाच दचकलो.

महाराजांनी मुलाकडे पाहिलं. “तू कशाला भितोस?”

“मी?” सुदर्शन सावरून बसला. “मी कुठे भितो? आई भिते. मला पुण्यातलं काम आवडत नाही, इतकंच. चांगला पगार आहे, चांगलं पद आहे. माझ्या हाताखाली माणसं आहेत.”

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. नुसतं टिंग.

त्याचा हात खिशाकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. फोन काढून त्यानं पाहिलं. कपाळावर घाम आला होता.

“कुणाचा?” महाराजांनी विचारलं.

“कुणाचा नाही. जाहिरात आहे.”

“भारी जाहिरात दिसते.”

सुदर्शन खाली बघत बोलू लागला.

“माझ्या शेजारच्या खुर्चीवर देवदत्त म्हणून एक जण होता. मीटिंग चालू होती. सगळ्यांच्या कानात हेडफोन. त्यानं मान खाली घातली. आम्हाला वाटलं, टाइप करतोय. मीटिंग संपली, लोक चहाला उठले… तो उठला नाही.”

“मग?”

“मग त्याचं काम मला दिलं.”

बाई वळल्या. “हे तू मला बोलला नाहीस.”

“काय बोलायचं, आई?”

“बोलला नाहीस तू मला.”

“तेव्हापासून रात्री टिंग वाजलं तरी उठून बसतो. आंघोळीला जातानाही फोन नेतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.”

महाराजांनी बाईंना विचारलं, “खांब किती उंच होता, माय?”

“वर बघितलं की डोक्यावरचा पदर पडावा इतका.”

“अन् खुर्ची?”

कुणाला विचारलं ते आधी कळलं नाही. सुदर्शननं बसल्या जागी हात जमिनीवरून उचलला. गुडघ्याएवढा वर आणून थांबवला.

“एवढी.”

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या…

पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. “समदेच काही खुर्चीवर मरत नाहीत, महाराज. खुर्चीला पंखा असतो, सावली असते. अन् इंजिनिअर झालेल्या पोरानं पकड घेऊन दारोदार हिंडायचं? त्याच्यासाठी पोरगी बघायला गेले तर काय सांगू? नवरदेव इंजिनिअर होता, आता फ्यूज बांधतो?”

“मुलीच्या घरचा पंखा बंद असला, तर काही सांगायची गरज पडायची नाही.”

“तुम्हाला चेष्टा सुचती. सर, तुम्ही तरी सांगा. तुम्ही शिकलेले आहात.”

ही वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मी घसा साफ केला. शिक्षण वाया जाऊ नये हे तर खरंच, पण कोणतंही काम हलकं नसतं हेही खरं, आणि शेवटी प्रकृती महत्त्वाची, असं काहीसं बोललो. बोलता बोलता मलाच ते पटेनासं झालं.

“सर दोन्ही डगरींवर उभे आहेत,” महाराज म्हणाले. “त्यांना जरा धरा कुणीतरी.”

पहिल्यांदाच सुदर्शनला हसू आलं. आईकडे पाहून त्यानं ते गिळलं.

दिवस मावळतीला आला होता. मंगलनाथ नावाचे मठातले साधू हातात बाभळीची वाळकी काठी घेऊन सभामंडपात आले. विजेच्या बोर्डासमोर लांब उभे राहिले, “अलख!” म्हणून ओरडले आणि काठीच्या टोकानं बटण दाबलं.

चर्र झालं. बोर्डातून निळी ठिणगी उडाली आणि दिवा लागला.

पद्मिनबाई उभ्याच राहिल्या. “अगं आई! हे काय?”

“रोजचंच आहे,” मंगलनाथ म्हणाले. “हात लावला की झटका देतो. वायरमनला सांगितलंय. उद्या येतो म्हणाला होता.”

“कधी म्हणाला?”

“तेव्हा पोळा होता.”

आता संक्रांत जवळ आली होती.

महाराज म्हणाले, “सुदर्शन, बघतोस का?”

“नाही!” बाई मुलाच्या आणि बोर्डाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. “हात लावायचा नाही त्याला. लेकरू घेऊन आले मी इथं, महाराज. सोडवायला आणलंय, घालवायला नाही.”

“माय, एक ठरवू. तो बोर्ड दुरुस्त करील. झालं की फ्यूज तू तुझ्या हातानं लाव. लावलास, तर तो वायरमन. नाही लावलास, तर सकाळच्या गाडीनं पुणं. पुन्हा त्यावर बोलायचं नाही. तूही नाही, त्यानंही नाही.”

“मी कशाला लावीन?”

“नको लावू. तुझा मुलगा पुण्याला जाईल.”

बाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. चेहरा उतरला होता. या सौद्यात आपण हरलो हे त्याला आधीच कळलं असावं. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर महाराजांचा थोडा रागही आला. आईच्या भीतीवर पोराचं आयुष्य टांगायचं, हा कुठला न्याय?

सुदर्शननं लॅपटॉपची बॅग ओढली. लॅपटॉप बाहेर काढून सतरंजीवर ठेवला. बॅगेच्या तळातून टेस्टर काढला, पेचकस काढला आणि एक जुनी पकड काढली. पकडीच्या मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली होती. झिजलेल्या वरच्या थरातून खालचा थर दिसत होता.

“ही कुठं होती?” बाईंचा आवाज बदलला.

“माळ्यावर. पिठाच्या जुन्या डब्यात.”

“हे गेल्यावर मी ठेवली होती ती. सापडू नये म्हणून.”

“माहीत आहे.”

ओसरीवर मीटर होतं. सुदर्शननं त्याच्या खालच्या पेटीतून चिनी मातीचा पांढरा फ्यूज ओढून काढला. मंडपातला दिवा गेला. बाहेरचा उजेड अजून थोडा आत येत होता. फ्यूज तो सवयीनं स्वतःच्या खिशात घालू लागला.

“खिशात का?” महाराजांनी विचारलं.

“बाबा म्हणायचे, ज्याचा हात तारेला, फ्यूज त्याच्याच खिशात. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. सख्ख्या भावाच्याही नाही.”

“बरोबर आहे,” महाराज म्हणाले. “आईजवळ दे.”

सुदर्शन तसाच उभा राहिला.

बाईंनी दोन्ही हात मागे घेतले. “नको. माझ्याजवळ नको. मला त्यातलं काही कळत नाही. माझ्या हातून काही झालं तर…”

“म्हणून तर तुझ्याजवळ.”

मग सुदर्शननं आईचा उजवा हात पुढे ओढला. तळव्यावर फ्यूज ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

तो मंडपात गेला. बाई ओसरीवर मेनच्या पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पेटीजवळ कुणी येऊ नये म्हणून. मंगलनाथ पाण्याचा हंडा घेऊन तिकडून निघाले, तर त्या ओरडल्या, “लांबून जा!” मंगलनाथ अंगणातून वळसा घालून गेले.

सुदर्शननं बोर्ड उघडला. आत ओल होती, कोळ्याचं जाळं होतं. एक तार सुटून बोर्डाच्या लोखंडी पेटीला टेकली होती. त्यानं टेस्टर लावला. त्याचा दिवा लागला नाही. पुन्हा लावला. मग तारेला हात लावण्याआधी त्यानं हात उलटा केला आणि बोटांची पाठ हळूच तारेला टेकवली.

ओसरीवरून बाई बघत होत्या.

“ते बी असंच करायचे,” त्या म्हणाल्या. “सरळ हात लावला तर मूठ आवळते म्हणायचे. तार सुटत नाही. उलटा हात आपोआप मागे येतो.” मग म्हणाल्या, “सुदा, तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. बाबांचं बघायचो.”

“मला वाटायचं, तू अभ्यास करतोस.”

सुरुवातीला त्याचा हात बसत नव्हता. एक स्क्रू खाली पडला, तो त्यानं चाचपून शोधला. पुढे केव्हा तरी हात बसला. केव्हा, ते माझ्या लक्षात आलं नाही. बॅगेशेजारी ठेवलेला फोन दोनदा वाजला. मी दचकलो, बाई दचकल्या. त्याला ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

“झालं,” तो म्हणाला.

आता मंडपात नीट दिसत नव्हतं. मंगलनाथ दारात येऊन म्हणाले, “महाराज, आरतीची वेळ झाली. लाइट?”

महाराज बसून राहिले.

“झालं, आई. फ्यूज लाव.”

“तू आधी लांब हो.”

तो बोर्डापासून दूर झाला.

“अजून.”

तो दारापर्यंत गेला.

“अजून लांब.”

तो पायऱ्या उतरून अंगणात गेला, तिथून चिंचेखाली गेला. तिथे त्याचा फक्त पांढरा शर्ट दिसत होता.

बाई पेटीकडे वळल्या. मूठ वर नेली आणि तिथेच थांबल्या. मूठ उघडेना. मी जवळच उभा होतो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“आई,” अंधारातून आवाज आला, “राहू दे. मी जातो पुण्याला.”

“थांब ना जरा!”

“खरंच जातो. तू नको घाबरू. होईल सवय.”

त्या ‘होईल सवय’ने काय झालं मला सांगता येणार नाही. बाईंनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं सोडवली. फ्यूज धरला. पेटीतली खाच चाचपली. फ्यूज खाचेच्या तोंडाशी आला आणि त्या पुन्हा थांबल्या. मान वर करून, कुणी फार लांब असावं तशा मोठ्यानं ओरडल्या,

“वर कुणी नाही ना?”

मंगलनाथ माझ्याकडे बघू लागले.

मला वाटलं, बाईंना धीर द्यायला हवा. मी म्हणालो, “कुणी नाही, बाई. वर नुसतं छप्पर आहे. लावा तुम्ही.”

महाराज उठून ओसरीवर आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे सारलं.

“आहे, माय. इतकी वर्षं वरच आहे. त्याला खाली उतरू दे… मग लाव.”