वाकडी आरी

विहिरींवर मोटा होत्या आणि मोटेच्या बैलांना बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

माळावरच्या एका गावात चामड्याचं काम करणाऱ्यांची आळी होती. आळी वहाणा करायची, बैलांचे पट्टे करायची, पण तिचं नाव होतं ते मोटेसाठी. मोट म्हणजे म्हशीच्या जाड कातड्याची शिवलेली भली मोठी पिशवी. ती विहिरीत सोडायची, बैलांनी ओढायची आणि वर आलेलं पाणी पाटानं पिकाला द्यायचं. सगळ्या गावाचं पोट त्या पिशवीच्या शिवणीवर अवलंबून होतं.

या आळीचा एक मूळपुरुष होता. त्याच्या मोटेतून थेंबही गळत नसे, असं सांगत. तो गेला आणि त्याची हत्यारं आळीनं एका पेटीत घालून घरातल्या भिंतीच्या देवळीत, देवाच्या कोनाड्यात, ठेवली. कातडं कापायची रापी, भोक पाडायची आरी, ठोकायची लाकडी मोगरी. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पेटी उघडायची. हत्यारांना दुधानं न्हाऊ घालायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि पेटी पुन्हा बंद करायची. एरवी कोणी बोट लावायचं नाही. नमस्कार मात्र येताजाता चालू असायचा. नमस्कार करण्यात आपण कधी कमी पडलो आहोत का?

पेटी दाजीबुवांच्या घरी होती आणि तिची राखणही त्यांच्याकडेच. ते आळीतले सर्वांत वडील. त्यांच्या घरात कामाचा हात आता एकच उरला होता, त्यांच्या सुनेचा, ठकूचा. नवरा गेल्यावर तिनं त्याच्या जागेवर बसून शिवण सुरू केली होती. बाईनं मोट शिवावी का, यावर आळीनं थोडे दिवस तोंड वाजवून पाहिलं. ठकूचं तोंड आळीपेक्षा मोठं निघालं, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला.

पुढे पावसानं ओढ दिली आणि विहिरीचं पाणी खोल खोल गेलं. पाणी वर होतं तोवर मोट थोडीफार गळायची ते कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. आता तीच मोट तळातून वर येईस्तोवर निम्मी व्हायची. शिवणीच्या भोकाभोकातून धारा लागायच्या. आळीनं शिवणी दुहेरी केल्या, चरबी चोपडली, मेण भरलं. शिवण दुहेरी म्हणजे भोकंही दुप्पट, त्यामुळे धारा वाढल्या.

एक दिवस पाटील स्वतः आळीत आले. माणूस वाईट नव्हता, पण गाव त्यांच्या मागे लागलं होतं.

"दाजीबुवा," ते म्हणाले, "आपला घरोबा आज्या-पणज्यापासूनचा. पर पिकाला घरोबा पाजून भागत न्हाई. ज्वारी पोटऱ्यात यायच्या आत, कणसं भाईर पडायच्या आधी, न गळणारी मोट द्या. न्हाईतर गाव म्हणतंय, नदीपल्याडचे कारागीर आणून वसवायचे."

"कुठं वसवायचे?"

पाटलांनी पागोटं उगाच सारखं केलं. "हितंच. ह्या आळीत."

"आन् आम्ही?"

"तेवढं मला इचारू नका," असं म्हणून पाटील निघून गेले.

दाराआडून ठकूनं सगळं ऐकलं. तिला भयंकर राग आला, आणि रागाखाली भीती होती. या घरात ती नवरी म्हणून आली होती. आता पिकल्या पानासारख्या सासऱ्याला घेऊन जायचं तरी कुठं?

दुसऱ्या दिवशी ती शिवण पाहायला विहिरीवर गेली. मोटेचा म्हातारा बैल उतारावर दम खात उभा होता. त्यानं मान वळवली.

"ठकूबाई, तुझी मोट मला लई आवडते. निघताना जड, आन् वर पोचंपातूर कशी फुलावानी हलकी. म्हातारपणी बरं पडतं."

"टोमणा मारतोस व्हय रं?"

"न्हाई गं बाई. पर आमच्या गोठ्यात सांगत्यात, माझ्या पणज्याच्या वक्ताला मोट तळापासनं वरपातूर सारखीच जड यायची. त्याच्या खांद्यावर हे एवढाले घट्टे होते. ती मोट कशी शिवायचे, ते तुमच्यात कुणालाच ठावं न्हाई?"

ठकू तशीच घराकडे वळली. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्याला ठाऊक होतं तो गेला, पण ज्यानं तो शिवायचा, ते तर आपल्याच देवळीत पडलंय.

दाजीबुवा जेवत होते. ठकू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामंजी, पेटी द्या."

"खंडेनवमी लांब हाय अजून."

"पूजेला नगं. कामाला पायजे."

दाजीबुवांचा घास हातातच राहिला. "सूनबाई, ती हत्यारं न्हाईत. देव हाईत ते."

"देव हाईत तर आत्ताच त्यांची गरज हाय. आळी उठायची पाळी आलीया."

"कोप झाला म्हंजे?"

"आणि कसला व्हायचा ऱ्हायलाय?" ठकू म्हणाली. "मी चोरून नेत न्हाई, मामंजी. तुमच्या डोळ्यांदेखत नेती. नगं असंल तर माझा हात धरा."

दाजीबुवांनी हात धरला नाही. भिंतीकडे तोंड करून मात्र बसले.

ठकूनं पेटी अंगणात आणून उन्हात उघडली. आत हत्यारं दिसतच नव्हती, नुसता एक लालभडक गोळा होता. तिनं तो आंबट ताकात बुडवून ठेवला, मग चिंचेच्या कोळानं चोळला. कुंकवाचा थर निघाला, त्याखाली हळदीचा, त्याखाली वाळून काळ्या पडलेल्या दुधाचा. सगळ्यांच्या खाली गंज होता. गंजानं रापीची धार कुरतडून टाकली होती.

आळी कुंपणापाशी जमून हळहळत होती. थोड्या वेळानं दाजीबुवाही मागे येऊन उभे राहिले.

"एवढा गंज कसा चढला?" ते म्हणाले. "आम्ही तर दरसाल न चुकता दुधानं न्हाऊ घालत होतो."

ठकूनं वर पाहिलं आणि रापीवर उरलेला दुधाचा काळा थर नखानं खरवडून त्याखालचा गंज त्यांना दाखवला. एरवी जिभेला धार लावून बसणाऱ्या त्या बाईनं त्या वेळी टोमणा मारला नाही, हे तिचं मोठेपण. दाजीबुवांनाच हळूहळू उमगलं.

"म्हंजे आम्हीच गंजवली व्हय," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्यांनी धोतर आवरलं, खाली बसकण मारली, विटेची भुकटी चिमटीत घेतली आणि रापी घासायला सुरुवात केली. आळी पाहतच राहिली.

सासऱ्या-सुनेनं घासून घासून लोखंड उजळ केलं. मोगरीचं लाकूड वाळून तडकलं होतं, ते तेलात मुरवलं. रापीला दगडावर नवी धार काढली. शेवटी आरी साफ झाली, आणि कुंपणापाशी हशा पिकला. आरी विळ्यासारखी वाकलेली होती!

"देव वाकलेत की!" कोणीतरी म्हणालं.

ठकूचंही मन खट्टू झालं. आजवर तिनं पाहिलेली प्रत्येक आरी सरळ होती. शेजारचा लोहार पुढे झाला.

"त्यात काय एवढं? तापवून दोन घाव घालतो, व्हईल सरळ. तेवढी मूठ काढून दे, न्हाईतर जळंल."

मूठ उपसायला ठकूनं ती घट्ट धरली आणि तिचा अंगठा लाकडातल्या एका खळग्यात जाऊन बसला. खळगा कोणी कोरलेला नव्हता. अंगठ्यानं झिजून पडलेला होता. तिनं मूठ फिरवून पाहिली. अंगठा दुसऱ्या कशाही ठिकाणी नीट बसेना. आणि तो खळग्यात बसला, की आरीचा बाक प्रत्येक वेळी एकाच बाजूला यायचा.

अपघातानं वाकलेली आरी कोण कशाला वापरेल? इथं तर कोणीतरी जन्मभर ती अशीच धरली होती.

"थांबा," ठकू म्हणाली. "ही वाकलेली न्हाई. ही वाकडीच घडवलीय."

लोहारानं खांदे उडवले. आळी हसत पांगली. ठकूनं कातड्याचा तुकडा भिजवून मांडीवर घेतला आणि आरी टोचली. टोक भलतीकडे गेलं, कातडं फाटलं, बोटातून रक्त आलं. तिनं दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. तुकड्यांचा ढीग वाढला, बोटांना चिंध्या गुंडाळल्या. तिकडे ज्वारीही वाढत होती.

"ऱ्हाऊ दे, पोरी," दाजीबुवा कळवळून म्हणाले. "न्हाई आपल्या नशिबात."

"मामंजी, चूक माझ्या हाताची हाय. मी सवयीनं सरळच दाबती."

या वेळी तिनं दाबलं नाही. अंगठा खळग्यात ठेवला आणि आरी नेईल तिकडे हात जाऊ दिला. पातेल्यातून पळीनं आमटी घ्यावी तसं मनगट वळलं. टोक कातड्याच्या आतल्या अंगानं शिरलं आणि जाडीच्या मधोमध, कापलेल्या कडेतून बाहेर आलं. ठकूनं तुकडा उलटा केला. बाहेरचं अंग जसंच्या तसं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि अशी ओरडली की कोंबड्या उडाल्या.

"मामंजी! भोकच न्हाई! भाईर भोकच न्हाई!"

आता कळलं मूळपुरुषाचं गुपित. आळी कातड्याला आरपार भोकं पाडायची आणि नंतर तीच बुजवत बसायची. म्हाताऱ्यानं बाहेर जाणारं भोक पाडलंच नव्हतं. त्याचा दोरा आतल्या अंगातून कडेत जायचा आणि कडेतून आत यायचा. पाण्यात कातडं फुगलं, की दोन्ही कडा एकमेकींना घट्ट बिलगायच्या.

ठकूनं नवी मोट मांडली. रापीनं कडा अशा कापल्या की दोन कडांमध्ये केसही जाऊ नये. आरीनं ती शिवत गेली आणि मोगरीनं दाजीबुवा शिवण ठोकत गेले. हसलेली आळी एकेक करून येऊन बसली. कोणी दोऱ्याला मेण लावलं, कोणी कातडं ताणून धरलं, कोणी नुसताच सल्ला दिला.

ज्वारी पोटऱ्यात यायला आली तेव्हा सगळं गाव विहिरीवर लोटलं. पाटलांनी नदीपल्याड निरोप धाडायला एक माणूस घोड्यावर तयार ठेवला होता. मोट खाली गेली, बुडाली, भरली. म्हाताऱ्या बैलानं जोडीदारासह ओढ घेतली आणि उतार उतरू लागला. निम्म्यावर येऊन तो थबकला.

गर्दीतून सुस्कारा निघाला. मोटकऱ्यानं आसूड उचलला.

"मारू नगंस, बाबा!" बैल ओरडला. "आधी सांग, आत धोंडे भरलेत का? निम्मी वाट झाली तरी वजन काय उतरंना!"

ठकूला हसू फुटलं आणि रडूही. "पाणी हाय रं, नुसतं पाणी! ओढ माझ्या राजा, ओढ!"

बैलानं खांदा दिला. मोट काठाशी आली, गच्च, टम्म भरलेली. शिवणीवर एक धार नव्हती. मोटकऱ्यानं मोटेच्या तोंडाचा दोर सैल सोडला आणि पाणी असं कोसळलं, की खालचं दगडी कुंड भरून वाहिलं, पाटातून धावलं आणि पाटलांचे पाय घोट्यापर्यंत भिजवून गेलं. पाटील भिजल्या वहाणांत उभे राहून घोडेस्वारावर खेकसले, "उतर की रं खाली! कुठं निघालास?"

सगळं गाव ओरडत होतं. सर्वांत मोठा आवाज दाजीबुवांचा होता.

आळी उठली नाही. ज्वारी दाण्यावर आली, आणि गावोगावचे लोक मोटा शिवून घ्यायला आळीची वाट पुसत येऊ लागले. लोहारानं त्या आरीवरून घरटी एक वाकडी आरी घडवली, आणि ठकूनं आळीतल्या प्रत्येकाचं मनगट धरून ते कसं वळवायचं ते शिकवलं. शिकवताना बोलणीही भरपूर घातली.

मूळपुरुषाची आरी तिनं पुन्हा पेटीत ठेवली नाही. रोज वापरली. ती झिजत झिजत बारीक झाली आणि काही वर्षांनी शिवता शिवता मोडून गेली. तेव्हा आळीतला एक जण चुकचुकला, "दाजीबुवा, देवळीत ठिवली असती तर आज बी आरी असती."

"व्हय," दाजीबुवा म्हणाले, "आरी असती. आळी नसती."

तात्पर्य : वाडवडिलांची विद्या पुजून टिकत नाही, ती हातात घेऊन झिजवावी, तेव्हाच ती पुढच्यांपर्यंत पोचते.