शाळेला जाणारी शर्यतीची होडी

फार लांब, ख्मेर लोकांच्या देशात, एका मोठ्या सरोवराच्या काठी एक गाव होतं. या सरोवराचा स्वभाव जरा विचित्रच. उन्हाळ्यात ते आटून दूर सरकायचं आणि पावसाळ्यात फुगून थेट घरांखाली यायचं. म्हणून तिथली घरं उंच खांबांवर. उन्हाळ्यात जिथे बैल बांधलेले असायचे, तिथेच पावसाळ्यात मासे पोहायचे. लोकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. सरोवर भरलं की मासळी भरपूर मिळायची, म्हणून ते पाण्याचे उपकारच मानायचे.

पंचाईत व्हायची ती पोरांची. शाळा होती पलीकडच्या टेकाडावर. पाणी चढलं की वाट बुडायची. घरोघरी लहान होड्या होत्या, पण दिवस मासेमारीचे, त्यामुळे आईबाप पहाटेच त्या घेऊन जाळी टाकायला जायचे. मुलं बसायची घरी. पाणी उतरल्यावर काही जण शाळेत परतायचे, काही कधीच परतायचे नाहीत.

त्या गावात मालिस नावाची एक मुलगी होती. मालिस म्हणजे मोगरा. नाव मोगऱ्याचं असलं तरी चिकाटी डिंकाची. शाळेची तिला फार आवड. त्या वर्षी पाणी चढायला लागलं तशी तिची आई म्हणाली, "शाळा आता बंदच. पौर्णिमेला शहरातून मावशी येतेय. तिच्या खाणावळीत कामाला माणूस हवंय. तू जा तिच्याबरोबर."

"आणि पाणी उतरल्यावर मी परत येईन ना?"

आई जाळं आवरायला लागली. मालिसचा थोरला भाऊ असाच एका पावसाळ्यात शहरात कामाला गेला होता. आता तो फक्त सणाला दिसायचा, तोही एखाद्या वर्षी.

मालिस तडक विहारात गेली. विहाराच्या आवारात लांबलचक छपराखाली गावची शर्यतीची होडी ठेवलेली होती. पावसाळ्यात नदीचं पाणी सरोवरात शिरतं; पावसाळा संपून ती नदी उलटी, समुद्राकडे वाहू लागली की त्या देशात जलोत्सव होतो. पाण्याचे आभार मानायला गावोगावच्या होड्या शर्यतीत उतरतात. या गावची होडी वीस जणांची, लाल आणि सोनेरी रंगाची, पुढच्या टोकावर दोन मोठे डोळे काढलेली. तिच्यात देवीचा वास आहे असं सगळे मानायचे. तिची देखभाल ता हेन करायचे. 'ता' म्हणजे आजोबा. हे आजोबा होडीला जिवापाड जपायचे. रोज तेल लावायचे, उदबत्ती लावायचे, आणि कुणी पोर जवळ फिरकलं की खेकसायचे.

"ता, या होडीतून आम्हाला शाळेत सोडाल का?" मालिसने विचारलं.

म्हाताऱ्याच्या हातातला तेलाचा बोळा खाली पडला. "ही शर्यतीची होडी आहे, पोरी. शाळेची नाही. आणि हिच्यात मुलींनी पाय ठेवायचा नसतो. देवीला चालत नाही."

"पण देवी बाईच आहे ना?"

ता हेन रागावले आणि तिला त्यांनी हाकलून दिलं.

पौर्णिमा जवळ आली. जलोत्सवाला अजून अवकाश होता, पण वल्हवण्याचा सराव आधीपासून करावा लागतो. कित्येक वर्षं गावची होडी शर्यतीला गेली नव्हती, कारण वल्हवणारेच नव्हते. यंदा न्यायचीच, असं म्हणून ता हेन तरणी मुलं गोळा करायला घरोघर निघाले. पहिलं घर लागलं मालिसचंच.

"थोरल्याला बोलावून घेशील का?" त्यांनी मालिसच्या आईला विचारलं.

"तो बांधकामावर आहे, ता. सुट्टी देत नाहीत."

"गेला कधी तो?"

"पाणी लवकर चढलं होतं ना, त्या वर्षी. शाळा बुडाली. घरी बसून करणार काय, म्हणून धाडला. वाटलं, पाणी उतरलं की येईल."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढेही तेच. कुणाचा मुलगा विटांच्या भट्टीवर होता, कुणाचा कारखान्यात. कधी गेला असं विचारलं की उत्तर एकच यायचं, पावसाळ्यात, शाळा बुडाली तेव्हा.

ता हेन छपराखाली परत आले आणि होडीला टेकून बसले. त्यांना फार वाईट वाटलं. ज्या पोरांसाठी आपण ही होडी राखली ती पोरं शाळा बुडाली म्हणून गाव सोडून गेली, आणि त्यांना शाळेत नेऊ शकणारी होडी आपण इथे झाकून ठेवली होती. दोष त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही.

त्यांनी उदबत्ती लावली आणि देवीला विचारलं, "पोरांना नेऊ का?" देवी काही बोलली नाही. नाही म्हणाली नाही ना, एवढं ता हेनना पुरलं.

पौर्णिमेच्या सकाळी मावशी आली. मालिसचं बोचकं बांधून तयार होतं. मालिस रडत नव्हती, पण तिचा पाय घरातून निघत नव्हता. इतक्यात घराच्या खांबावर काहीतरी दाणकन आपटलं. खाली बघतात तो लाल होडी. आत गावची सात-आठ पोरं वल्ही हातात घेऊन वाट्टेल तशी पाणी उडवत होती, आणि मागे सुकाणूला ता हेन.

"मालिस, पुढची जागा रिकामी आहे," ते म्हणाले.

मालिसने आईकडे पाहिलं. आई होडीकडे पाहत होती. मग तिने बोचकं हळूच परत घरात ठेवलं आणि बहिणीला म्हणाली, "यंदा नाही पाठवत मी हिला. जेवून जा तू, मासळी ताजी आहे."

"आधी पाय धू," ता हेन मालिसला म्हणाले, "आणि होडीला नमस्कार कर. रीत ती रीत."

रोज तेल लावूनही, वर्षानुवर्षं कोरड्यात राहून होडीला भेगा गेल्या होत्या. पहिल्या दिवशी ती इतकी गळली की निम्मी मुलं वल्हवत होती आणि निम्मी वाडग्यांनी पाणी उपसत होती. गावातले इतर म्हातारे चिडले, "देवीची होडी आणि त्यात ही चिल्लीपिल्ली!" ता हेननी तिकडे लक्षच दिलं नाही. हळूहळू लाकूड पाणी पिऊन फुगलं आणि भेगा आपोआप मिटल्या. वल्ही एकदम पडावीत म्हणून म्हणायची जुनी गाणी ता हेननी मुलांना शिकवली. जाताना गाणी, येताना पाढे असा नेम पडला. दिवसभर ते शाळेबाहेरच्या झाडाखाली थांबायचे. होडीतल्या जागाही एकेक करून भरल्या, आणि तो पावसाळा संपला तेव्हा गावातलं एकही मूल शाळेतून गळालं नव्हतं.

मग जलोत्सव आला. त्या गावची रीत अशी, की शर्यतीआधी होडीच्या राखणदाराने वल्हवणाऱ्यांची नावं देवीला मोठ्याने सांगायची, म्हणजे ती त्यांना सांभाळते. ता हेन पुढे झाले. शाळेच्या गणवेशातली वीस मुलं-मुली हात जोडून रांगेत उभी होती. पहिलंच नाव मालिसचं. ते घेतलं आणि म्हातारा तिथेच अडला. मालिस हळूच म्हणाली, "ता, मी सांगू का बाकीची?"

"नाही पोरी," ते डोळे पुसत म्हणाले, "किती वर्षांनी सांगायला नावं मिळाली आहेत. मला सांगू दे."

आणि त्यांनी एकेक नाव सावकाश सांगितलं. काठावर मालिसची आई आणि आधी चिडलेले म्हातारेसुद्धा हात जोडून उभे होते.

शर्यतीत गाव शेवटून दुसरं आलं, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी मुलं वेळेवर शाळेत हजर होती.

तात्पर्य एवढंच: जुन्या रीती सांभाळायच्या असतील तर आधी पोरांचं शिक्षण सांभाळावं, म्हणजे त्या रीती पुढे न्यायला पोरं गावात राहतात.